आभरान

मंगळवारची सकाळ आहे अशी श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईची एखादी जुनी आळी. दारापुढील सडा नुकताच वाळत आलेला. आणि आळीच्या तोंडाशीं एकाएकीं घुमूं लागलेला एक विलक्षण नाद. ढोलक्यावर थाप मारल्याचा हा नाद नव्हे. चामड्यावर काठी घासून काढलेला, पोटांतून गुरगुरल्यासारखा तो आवाज असतो. घरांतील वृद्ध स्त्री बाहेर न डोकावतांच सुनेला सांगते, "कडकलक्ष्मी आली गं, सुपांत जोंधळे घे."

पुढें एक स्त्री येते. तिच्या मस्तकावर मरीआईचा लहानसा देव्हारा असतो आणि तें ढोलकें तिच्याच हातीं असतें. तिच्याबरोबर येतो तो पुरुष. त्याचें अंग कमरेपर्यंत उघडें, केस स्त्रीप्रमाणें वाढविलेले, कपाळभर हळदकुंकवाचा मळवट, पायांत घुंगरू, हातांत जाड कोरडा, आणि कमरेला खणांचा व जुन्या लुगड्यांच्या रंगीबेरंगी पट्ट्यांचा घोळदार घागरा. कोरडा हवेंत कडाडतो आणि त्याच्याच उघड्या दंडावर उतरतो. लहान मुलें दाराआड लपतात, मोठीं माणसें कौतुकानें पाहतात, सुपांतील धान्य झोळींत पडतें, आणि घागऱ्याचा घोळ गरगर फिरवीत तो पुरुष पुढच्या दाराकडे वळतो. हाच पोतराज. त्याच्या त्या घागऱ्याला त्याच्याच लोकांत एक नांव आहे. तें नांव आभरान. संस्कृतज्ञाला हा शब्द ऐकतांच ‘आभरण’, म्हणजे अलंकार, आठवल्यावांचून राहत नाहीं. चिंध्यांच्या वस्त्राला अलंकाराचें नांव मिळावें ह्यांत लोकभाषेचें औदार्य आहे कीं नियतीची थट्टा आहे, तें पुढील विवेचनावरून ज्याचें त्यानें ठरवावें.

हें दृश्य नगरवासी लोकांनीं इतक्या वेळां पाहिलेलें असतें कीं एक साधा प्रश्न त्यांच्या मनांत सहसा येत नाहीं. हा पुरुष कांहीं त्या घागऱ्यानिशीं जन्मास आलेला नसतो. इतर मुलांप्रमाणें तोही केव्हां तरी सदरा आणि अर्धी विजार घालून फिरलेला असतो. मग एके दिवशीं, आयुष्यांत पहिल्यानेंच, तो तें आभरान कमरेला बांधून चारचौघांच्या देखत रस्त्यावर आलेला असतो. तो दिवस त्याला कसा गेला असेल? ह्या लहानशा प्रश्नाचा मागोवा घेणें हाच ह्या भाषणाचा हेतु आहे.

पुरुषानें घागरा घालावा ही कल्पना सुशिक्षित समाजाला प्रथमदर्शनीं विपरीत वाटते. परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येईल कीं, दोन पायांना दोन स्वतंत्र खोळी शिवण्याची रीत कांहीं सर्वत्र अनादि काळापासून चालत आलेली नाहीं. धोतर, पंचा, लुंगी हीं सारीं कमरेभोंवतीं गुंडाळण्याचींच वस्त्रें होत. गोंधळ्याचा पायघोळ झगा पाहून देवीच्या अंगणांत कोणी हसत नाहीं. आणि पुरुषाच्या घागऱ्याचें जगांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तर युरोपांतच आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांतील पुरुष जो गुडघ्यापर्यंतचा, मागें चुण्यांचा, चौकटींच्या लोकरी कापडाचा घागरा घालतात, त्याला किल्ट असें म्हणतात. मराठवाड्याच्या भूमीला हे डोंगरी शिपाई अगदींच अनोळखी नाहींत. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यांत, शिंदे व भोसले यांच्या फौजांविरुद्ध वेलस्लीच्या बाजूनें जें गोरें पायदळ लढलें, त्यांत ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या.

ह्या किल्टचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. पूर्वी डोंगरी लोक एक लांबरुंद लोकरी कापड कमरेला आवळून त्याचाच पदर खांद्यावर घेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याचा खालचा भाग वेगळा होऊन आटोपशीर किल्ट प्रचारांत आला. पुढें १७४५ सालीं त्या लोकांनीं इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड केलें आणि १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या माळावर त्यांचा पुरता मोड झाला. जेत्यांनीं त्यांचीं शस्त्रें तर काढून घेतलींच, पण त्यांच्या कमरेचें वस्त्रही काढून घेतलें. पार्लमेंटनें कायदा केला. १७४७ च्या ऑगस्टपासून सरकारी फौजेंतील माणसांखेरीज कोणाही डोंगरी पुरुषानें वा मुलानें तो वेष केला, तर पहिल्या अपराधाला सहा महिने कैद आणि दुसऱ्या अपराधाला सात वर्षें समुद्रापार हद्दपारी अशी शिक्षा ठरली. हा कायदा १७८२ सालीं रद्द झाला. तेव्हां मधल्या पस्तीस वर्षांत वाढलेल्या पिढीला आपल्या आजोबांचें वस्त्र जन्मांत पहिल्यानेंच उघडपणें अंगावर घालावें लागलें असेल. आणि काळाचा महिमा असा कीं, १८२२ सालीं राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस गेला, तेव्हां सर वॉल्टर स्कॉट यांनीं आंखलेल्या त्या समारंभांत खुद्द राजानेंच किल्ट परिधान केला! उघडे पाय राजाला शोभणार नाहींत म्हणून त्यानें खालीं कातडीच्या रंगाची तंग विजार चढविली होती, हा भाग निराळा. पण पंचाहत्तर वर्षांच्या आंत एकाच वस्त्रानें तुरुंगही पाहिला आणि राजदरबारही पाहिला.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लाज कापडांत नसते आणि प्रतिष्ठाही कापडांत नसते. तें कापड अंगावर कोणाच्या इच्छेनें आलें, तें घातल्यानें घालणाऱ्याला समाजांत कोणतें स्थान मिळालें, आणि नकोसें झाल्यास तें त्याला उतरवितां येतें कीं नाहीं, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांत लाज किंवा प्रतिष्ठा दडलेली असते. ह्याच तीन कसोट्या आतां आभरानाला लावून पाहाव्यात.

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्राचा भाग झाला. तेलंगण आणि मराठवाडा ह्यांचा संसार असा दीर्घकाळ एकाच छपराखालीं चालला होता. त्याची एक खूण पोतराजाच्या नांवांतही सांपडते. तेलंगणांत पोतराजु हा ग्रामदेवतांचा भाऊ आणि रक्षक मानला जातो. आषाढांत हैदराबाद व सिकंदराबाद येथें बोनालु नांवाचा जो मोठा उत्सव होतो, त्यांत अंगाला हळद माखलेला, हातांत चाबूक घेतलेला पोतराजु मिरवणुकीच्या अग्रभागीं नाचत असतो. नांव आणि चाबूक दोहोंकडे सारखाच. मराठी पोतराजाच्या कमरेला मात्र देवीच्या खणांचा घागरा आहे. तो देवीचा सेवक. म्हणून देवीचे केस, देवीचें कुंकू, देवीची हळद आणि देवीचें वस्त्र हीं त्यानें आपल्या देहावर वागवावयाचीं, असा ह्या वेषाचा भाव आहे.

ही देवी म्हणजे मरीआई. ती पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, देवी. सकाळीं शेतावर गेलेला धडधाकट गडी संध्याकाळीं निष्प्राण होऊन परत यावा, एका घरांतून तीन तिरड्या उठाव्यात, आणि त्याचें कारण कोणालाच कळूं नये, अशा त्या काळीं माणसांनीं त्या भयाला एक मुख दिलें, एक नांव दिलें, आणि तिला ‘आई’ म्हटलें. सांथ आली कीं मरीआईचा गाडा सजवावयाचा आणि तो वाजतगाजत गांवाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडावयाचा, अशी रीत होती. शिवेपलीकडच्या गांवानें पुढें काय करावें, ह्याचा विचार करण्याइतकें धैर्य त्या वेळीं कोणाजवळ नसे.

आतां ह्या कोपिष्ट देवीच्या समोर जाऊन उभें राहावयाचें कोणीं? तिला शांत करण्यासाठीं आपल्या अंगावर कोरडे ओढून घ्यावयाचे कोणीं? गांवानें ह्या कामासाठीं निवड केली ती वेशीबाहेरच्या वस्तीची. पोतराज हा बहुतकरून मातंग समाजांतला, क्वचित् महार समाजांतला असे. ज्यांचा स्पर्श गांवाला चालत नव्हता, त्यांचा देह मात्र गांवाच्या रक्षणासाठीं चालत होता. ह्या व्यवहारांत सुपांतले जोंधळे एका बाजूला होते आणि पाठीवरचे वळ दुसऱ्या बाजूला होते. हिशेब बरोबर होता असें त्या काळच्या गांवाला वाटे.

घराण्यांत पोतराजकी असेल तर ती बापाकडून मुलाकडे येई. कधीं त्याला नवसाचें निमित्त होई. मूल जगत नाहीं म्हणून एखादी माउली देवीपुढें पदर पसरी आणि पुढें जगलेला मुलगा देवीला सोडी. त्याच्या केसांना मग कात्री लागावयाची नाहीं. मुलाचे प्राण वांचविण्यासाठीं आईनें केलेला करार मुलाला जन्मभर पाळावा लागे. त्या आईला दोष देण्याचें धाडस कोणीं करूं नये. तिच्या हातीं दुसरें औषध नव्हतें.

अंबाजोगाईला वस्त्राचें माहात्म्य कोणी नव्यानें शिकवावें असें नाहीं. सोळाव्या शतकांतील दासोपंतांनीं, ज्यांचा काळ १५५१ ते १६१५ असा सांगितला जातो, आपला ‘पंचीकरण’ हा ग्रंथ कागदावर न लिहितां सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर लिहिला. ती दासोपंतांची पासोडी. चारशें वर्षें लोटलीं तरी त्या कापडाची जपणूक झाली, अभ्यासकांनीं त्याचें वाचन केलें, त्यावर लेख लिहिले. त्याच गांवाच्या रस्त्यांवरून पोतराजाच्या कमरेचें कापडही पिढ्यान् पिढ्या फिरत आलें आहे. त्यावरही एक ग्रंथ लिहिलेला आहे. फरक एवढाच कीं तो अक्षरांनीं लिहिलेला नाहीं आणि म्हणून तो वाचण्याची कोणाला गरज वाटली नाहीं.

त्या ग्रंथाचें पहिलें पान म्हणजे तो पहिला दिवस. आठनऊ वर्षांचा मुलगा. शाळेच्या पटावर त्याचें नांव आहे, पण केस वाढूं लागल्यापासून त्याला वर्गांत मागच्या भिंतीशीं बसावेंसें वाटतें. त्याच्या मापाचें लहान आभरान आईनें शिवून ठेवलेलें आहे. खणाचे तुकडे निवडतांना तिनें त्यांतल्या त्यांत उजळ रंग पुढें लावले आहेत, कारण कसेंही झालें तरी तें तिच्या लेकराचें नवें वस्त्र आहे. पहांटे बाप त्याच्या अंगाला हळद लावतो, कपाळीं मळवट भरतो, आणि कमरेला तो घागरा बांधून गांठ मारतो. घराच्या आंत हा सारा प्रकार खेळासारखा वाटतो. पायांतले घुंगरू वाजवून पाहावेसेही वाटतात. उंबरठा ओलांडल्यावर मात्र वारा उघड्या पोटऱ्यांना लागतो आणि मग मुलाच्या ध्यानीं येतें कीं रस्ता आपल्याकडे पाहत आहे.

एका आळीच्या तोंडाशीं तो थबकतो आणि बापाचा हात ओढतो. "आबा, या आळीत नगं. आमच्या वर्गातली पोरं राहत्यात हितं."

बाप म्हणतो, "आईपुढं लाज कशाची, लेका?"

बापाच्या ह्या उत्तरांत कपट नसतें. त्याच्या बापानें त्याला हेंच सांगितलेलें असतें. ह्या शब्दांच्या आधारानेंच त्यानें आपला पहिला दिवस पार पाडलेला असतो, आणि हाच एक आधार तो मुलाला देऊं शकतो. तरीही त्या दिवशीं ढोलकें वाजूं लागतें, लहानसा कोरडा फिरतो, आणि कोणत्या तरी खिडकींतून एक ओळखीचा चेहरा हसतो. दुसऱ्या दिवशीं शाळेंत मागच्या भिंतीजवळची ती जागा रिकामी दिसली, तर हजेरी घेणाऱ्याला त्याचें आश्चर्य वाटत नाहीं. मुलाला त्या घागऱ्यानें थंडी वाजली म्हणून तो शाळेंतून गेला नाहीं. तो घागरा पाहून आपण कोण आहों हें सगळ्यांना कळलें, आणि आतां तें कधींही पुसलें जाणार नाहीं, हें त्याला उमगलें, म्हणून तो गेला.

ह्या पहिल्या दिवसाच्या शेजारीं दुसरे दोन पहिले दिवस ठेवून पाहावेत. २२ सप्टेंबर १९२१ रोजीं मदुरा येथें महात्मा गांधींनीं सदरा, टोपी आणि लांब धोतर यांचा त्याग करून केवळ पंचा नेसून लोकांपुढें येण्यास प्रारंभ केला. देशांतील दरिद्री माणसाला जेवढें वस्त्र मिळतें तेवढेंच आपल्या अंगावर असावें, ही त्यामागची भावना होती. दहा वर्षांनीं, १९३१ सालीं, इंग्लंडच्या बादशहाच्या वाड्यांतही ते त्याच वेषानें गेले. तोही अर्ध्या उघड्या देहाचाच वेष. परंतु तो त्यांनीं स्वतः विचार करून, स्वतःच्या इच्छेनें स्वीकारलेला होता. म्हणून त्या उघड्या देहापुढें दरबारी पोशाख फिके पडले.

दुसरा दिवस महाडचा. १९२७ च्या डिसेंबरांत महाड येथें भरलेल्या सत्याग्रह परिषदेच्या अखेरीस डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं तेथें जमलेल्या स्त्रियांना उद्देशून एक भाषण केलें. गुडघ्यापर्यंत लुगडें नेसण्याची रीत आणि गळ्यांतील व हातांतील कथिलाचांदीच्या दागिन्यांचें ओझें हीं दुरून ओळखूं येणारीं अस्पृश्यतेचीं चिन्हें आहेत. तीं टाकून द्या. घोट्यापर्यंत नीट लुगडें नेसा. फाटकें असलें तरी चालेल, पण स्वच्छ असूं द्या. आणि मुलांमुलींना शिक्षण द्या, असा त्या भाषणाचा आशय होता. आणि नवल असें कीं, त्या स्त्रियांनीं दुसऱ्या वर्षाची वाट पाहिली नाहीं. परिषदेहून परततांनाच अनेकजणींनीं लुगडें नव्या रीतीनें नेसलें होतें. तें नेसण्याच्या कामीं महाडच्या पुढारलेल्या घरांतील स्त्रियांनीं त्यांना साह्य केलें. लुगडें तेंच. त्याचा एकही धागा बदललेला नव्हता. केवळ दोन वीत खालीं आलेलें तें लुगडें नेसून ज्या स्त्रिया आपल्या गांवाच्या वेशींतून पहिल्यानें आंत शिरल्या असतील, त्यांच्या काळजाची धडधड किल्ट घालणाऱ्या राजाला कधींच ठाऊक नव्हती. कारण राजाकडे पाहून लोक जयजयकार करणार होते. ह्यांच्याकडे पाहून गांव काय करील ह्याचा नेम नव्हता.

आभरानाला ह्या कसोटीवर घासलें कीं त्याचें खरें रूप दिसतें. तें मुलाच्या इच्छेनें येत नाहीं. तें घातल्यानें त्याचें स्थान उंचावत नाहीं. घटकाभर देवीचा म्हणून त्याला नमस्कार मिळतो, पण त्या नमस्कारानंतर उंबरठ्याच्या आंत त्याला कोणी बोलावीत नाहीं. आणि तें उतरवितां येत नाहीं. उतरविलें तर देवी कोपेल अशी भीति घरांत, आणि उतरविलें तर खाणार काय अशी भीति पोटांत. जें मनास येईल तेव्हां उतरवितां येतें तें वस्त्र. जें उतरवितां येत नाहीं तो डाग.

ह्यांतील पहिली भीति, म्हणजे देवीच्या कोपाची भीति, मनुष्याच्या बुद्धीनें हळूहळू दूर केली. १८५४ सालीं लंडनमध्यें जॉन स्नो ह्या वैद्यानें एका आळींतील पटकीचा माग काढीत काढीत तो एका पाण्याच्या पंपापाशीं आणून पोंचविला. १८८४ सालीं रॉबर्ट कॉक ह्यांनीं कलकत्त्यास त्या रोगाच्या जंतूंचा अभ्यास पुरा केला. त्याच कलकत्त्यांत १८९४ सालीं हाफकिन ह्यांनीं पटकीची लस टोंचण्यास सुरुवात केली. आणि १९७१ सालीं बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकी पसरली असतां बनगांवच्या छावणींत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर इत्यादींचें मिश्रण पाण्यांत विरघळवून तें रोग्यांना पाजलें आणि असंख्य प्राण वांचविले. म्हणजे ज्या कोपापुढें शतकानुशतकें माणसाच्या पाठीवर कोरडे ओढले गेले, त्याचा उतारा गाळलेल्या, उकळलेल्या पाण्यांत आणि चिमूटभर मीठसाखरेंत होता. विहिरींत औषध पडूं लागलें, नळ आले, आणि मरीआईचा गाडा मागें पडत गेला.

परंतु दुसरी भीति, पोटाची, तितक्या सहजासहजीं गेली नाहीं. रोग ओसरला आणि गांवाची गरज संपली. पण पोतराजाची भूक संपली नाहीं. म्हणून ज्या वेषामागें एकेकाळीं सबंध गांवाचें भय उभें होतें, तो वेष पुढें केवळ भिक्षेचें साधन होऊन बाजाराच्या दिवशीं, मोटारतळावर, शहरांच्या चौकांत दिसूं लागला, आणि अजूनही दिसतो. समाजांतील जाणत्या मंडळींनीं पोतराजांचे केस उतरविण्याचे कार्यक्रम केले. त्या प्रसंगाचें वर्णन करणें सोपें आहे. तो प्रसंग सोसणें सोपें नाहीं. वीस वर्षें वाढविलेले केस न्हाव्याच्या कात्रीखालीं पडत असतां त्या माणसाला एकाच वेळीं हलकेंही वाटतें आणि निराधारही वाटतें. आणि घागरा उतरवून सदरा आणि विजार घालून तो जेव्हां पहिल्यानें रस्त्यावर येतो, तेव्हां तोही त्याचा एक ‘पहिला दिवस’च असतो. आतां त्याला कोणी ओळखीत नाहीं, हेंच त्याचें सुख. आणि आतां त्याला कोणी सुपांत धान्य घालीत नाहीं, हीच त्याची चिंता.

बीड जिल्ह्यांत तर ही चिंता फार खरी आहे. पर्जन्यछायेंतील हा मुलुख. दसरादिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडीसाठीं साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. कोरडा टाकून कोयता हातीं घेतला, म्हणजे देवीच्या दारची लाचारी सुटली. पण मुलाची शाळा सहा महिने बुडाली ती बुडालीच. म्हणून केवळ वेष उतरवून काम भागत नाहीं. उतरविलेल्या वेषाच्या जागीं अक्षर आणि अन्न हीं दोन्ही यावीं लागतात. मराठवाड्यांत ह्या दिशेनें पाउलें पडलीं आहेत. १९५० सालीं बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, १९५८ सालीं तेथें मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि ज्यांच्या आजोबांनीं अक्षर पाहिलें नव्हतें अशा घरांतील मुलें पदवीधर झालीं. महाराष्ट्र सरकारनें १९८५ सालीं मातंग समाजाच्या आर्थिक उन्नतीसाठीं लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या नांवानें महामंडळ काढलें. आणि पोतराजाच्या घरांतून आलेल्या पार्थ पोळके यांनीं आपलें आत्मकथन लिहिलें, तेव्हां त्या पुस्तकाला नांव दिलें तेंही ‘आभरान’ हेंच. ज्या कापडावर अक्षर नव्हतें तें कापड अखेर ग्रंथ झालें.

येथवर ऐकल्यावर कोणी सुसंस्कृत श्रोता विचारील, कीं मग त्या नादाचें, त्या नृत्याचें, त्या गाण्याचें काय? तें सारें नष्ट व्हावें काय? हा प्रश्न रास्त आहे. पोतराजाचें ढोलकें, त्याची पावलांची लय, त्याच्या घागऱ्याची गिरकी ही महाराष्ट्राच्या लोककलेंतील खरीखुरी संपत्ति आहे. तिची जपणूक व्हावी. परंतु माणसाला त्या संपत्तीची पेटी बनवून ती होऊं नये. स्कॉटलंडचा मनुष्य आपल्या विवाहाच्या दिवशीं आनंदानें किल्ट घालतो आणि दुसऱ्या दिवशीं तो घडी करून कपाटांत ठेवून कचेरीस जातो. त्या वस्त्राचें वैभव त्या कपाटांत आहे, हें विसरूं नये.

आणि ह्याचें प्रत्यंतर पाहण्यास कोणी फार दूर जाण्याचें कारण नाहीं. हल्लीं शाळांच्या स्नेहसंमेलनांत महाराष्ट्राच्या लोककलांचे कार्यक्रम होतात. त्यांत एखाद्या वकिलाचा किंवा डॉक्टरांचा मुलगा पोतराज होतो. त्याच्या आईनें हौसेनें चकचकीत खणांचा घागरा शिवलेला असतो. कपाळाला मळवट, हातांत सुताचा मऊ कोरडा. पडदा वर जातो, मुलगा एक गिरकी घेतो आणि सभागृह टाळ्यांनीं दणाणून जातें. दहा मिनिटांनीं तो आंत येतो, घागरा सोडतो, तोंड धुतो, आणि बक्षिसाचा पेला हातांत घेऊन वडिलांच्या मोटारींत बसतो. ह्यांत निंद्य असें कांहीं नाहीं. त्या मुलानें कोणाचें कांहीं हिरावून घेतलेलें नाहीं. परंतु त्याच गांवांत त्याच्याच वयाचा दुसरा मुलगा तोच वेष करून त्याच आठवड्यांत रस्त्यावर आलेला असेल, तर त्याच्या कमरेची गांठ मात्र दहा मिनिटांत सुटत नसते. एकाच वस्त्राचे हे दोन पहिले दिवस. ह्या दोहोंमधलें अंतर मोजणें आणि मिटविणें हेंच सुशिक्षित म्हणविणाऱ्या समाजाचें काम होय.

तेव्हां पुढल्या मंगळवारीं दारांत तें ढोलकें घुमलें, तर सुपांत धान्य जरूर घालावें; भुकेल्याला विन्मुख धाडणें हा कांहीं सुधारणेचा मार्ग नव्हे. पण त्याबरोबर दारांतल्या त्या लहान पोतराजाला त्याचें नांव विचारावें, तो कितवींत आहे तें विचारावें, आणि त्याच्या आईबापांशीं दोन शब्द असे बोलावेत कीं ज्यांत कुतूहलही नसेल आणि उपहासही नसेल. त्याच्या शाळेच्या गुरुजींकडे एक फेरी घालावी. घरांतील मुलगा त्याच वर्गांत असेल, तर खिडकींतून हसूं नकोस एवढें त्याला बजावावें. हीं कामें लहान आहेत. पण महाडला दोन वीत खालीं आलेलें लुगडेंही दिसावयाला लहानच होतें.

केव्हां तरी असा एक दिवस उजाडेल, कीं एखाद्या पोतराजाची नात किंवा नातू महाविद्यालयाच्या रंगमंचावर आपल्या आजोबांचें आभरान नेसून उभा राहील, तें कोणाचें आहे हें अभिमानानें सांगेल, ढोलक्याच्या नादावर मनसोक्त गिरकी घेईल, आणि खेळ संपल्यावर तें वस्त्र घडी करून पेटींत ठेवून दुसऱ्या दिवशीं आपल्या कामावर जाईल. त्या दिवशीं आभरान हें खरोखरच आभरण होईल.